अहमदीची तांबडी वाइन

जिथे द्राक्षवेल रुजते तिथे संस्कृती रुजते, असं इतिहासाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. हे वाक्य मी सातारच्या एका शाळेत तीस वर्षं मुलांना उतरवून दिलं आणि त्यावर ‘सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्नही काढला. निवृत्त झाल्यावर कुवेतला गेलो, तर तिथे द्राक्षवेल नव्हती, ती रुजावी अशी माती नव्हती, आणि द्राक्षाचा रस मुरून जे होतं ते बाळगायला कायद्यानं बंदी होती. एवढं असूनही लोक एकमेकांना सलाम केल्याशिवाय कामाचं बोलत नव्हते, आणि नमाजाला जाताना दुकानदार मालावर नुसती चादर टाकून जात होते. सोदाहरण स्पष्ट करण्यापुरतं उदाहरण तेवढं मला सापडलं. ते माझ्या बहिणीच्या न्हाणीघरात होतं, एका मोठ्या काचेच्या बरणीत, जुन्या पंच्यानं तोंड बांधलेलं.

अहमदी

बोटीचे दिवस वगळतो. समुद्र निळा होता, आमटी पातळ होती, आणि वरच्या वर्गातले उतारू खालच्या वर्गातल्या गाण्यांबद्दल तक्रार करत होते. ऑक्टोबर लागला होता, तरी कुवेतच्या धक्क्यावर उतरल्यावर भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटलं. मेहुणे वसंतराव मोटार घेऊन आले होते. ते तिथल्या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. जहाजांच्या इंधनात जड तेल किती आणि हलकं तेल किती मिसळायचं, हे ठरवण्याचं त्यांचं काम. चहासुद्धा औषधासारखा घेणारा माणूस. बहीण सुमन त्यांच्याबरोबर तिथे आठ-नऊ वर्षं राहिलेली.

अहमदी हे कंपनीनं वाळूच्या चढावर वसवलेलं गाव. उत्तरेकडे इंग्रज साहेबांचे बंगले, त्यांना हिरवळ आणि बोगनवेल. मधे आमच्यासारख्यांची घरं, त्यांना अंगण आणि एकेक झाड. त्याखाली मजुरांची घरं, त्यांना झाड नाही. कोणाला किती खोल्या आणि किती सावली, हे हुद्द्यावर ठरलेलं. जातिव्यवस्थेला हजारो वर्षं लागली असं मी वर्गात सांगत असे. एका कंपनीनं ती वीस वर्षांत, कोणत्याही स्मृतिग्रंथाची मदत न घेता उभी केलेली पाहून मला माझ्या टिपणांत दुरुस्ती करावीशी वाटली. संध्याकाळी अंगणात बसलं की दक्षिणेकडे तेलविहिरींवर जळणाऱ्या वायूनं आभाळ तांबूस दिसे. सुमन म्हणाली, पहिलं वर्षभर तिला वाटायचं की गावाला आग लागली आहे. आता ते दिसलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

दारूबंदी त्यांच्याकडे होती तशी आमच्याकडेही होती, पण दोन्हींच्या वयात फरक होता. आमची बंदी जुनी, तिला भरपूर पळवाटा फुटलेल्या. चाळिशी उलटलेल्या माणसाला डॉक्टरनं लिहून दिलं की सरकार परवाना देत असे. माझ्याकडेही एक होता. मद्य न मिळाल्यास माझ्या प्रकृतीला अपाय होईल, असं त्यावर सरकारी शिक्क्यानिशी लिहिलं होतं. खरं म्हणजे थंडीत खोकला झाला की चमचाभर ब्रँडी, एवढाच माझा मद्याशी संबंध. परवाना मी एका मित्राच्या आग्रहानं काढला, कारण त्याला स्वतःचा वाटा पुरत नसे. कुवेतची बंदी नवी होती आणि तिला अजून एकही पळवाट फुटली नव्हती. सापडलेल्या परदेशी माणसाला काही दिवस कोठडी आणि मग पहिल्या बोटीनं घर.

हे सगळं मला पहिल्याच संध्याकाळी कळलं, कारण पहिल्याच संध्याकाळी पास्कोल लोपीस भेटायला आले.

पास्कोल वसईकडचे ख्रिस्ती. दोन घरं सोडून राहत आणि कंपनीच्या भांडारात पाइपांचा हिशेब ठेवत. बोलणं मराठी, मिशी भरघोस, आणि शिकलेल्या कोणत्याही माणसाला प्रोफेसर म्हणायची सवय. मी साधा मास्तर होतो असं दोनदा सांगितलं, पण त्यांनी मला खाली उतरू दिलं नाही. त्यांची मुलगी लुसी कंपनीच्या इस्पितळात नर्स होती आणि नोव्हेंबरच्या अखेरीस तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, कुवेत शहरात बँकेत. अडचण मुलाच्या वडिलांची होती. मिनेझिस हे मूळचे गोव्याचे, एका व्यापारी पेढीत हेडक्लार्क. साखरपुड्याच्या जेवणात त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं होतं की लग्नात टोस्टला, म्हणजे भाषणाअखेर वधूवरांच्या नावानं पेला उंचावून प्यायला, मी उभा राहीन तेव्हा माझ्या आणि पाहुण्यांच्या हातात खरी तांबडी वाइन असावी, बाकी तुमचं काय असेल ते असो. पास्कोलनी शब्द दिला. त्या वेळी ख्रिस्ती माणसाला ती रीतसर विकत मिळत होती. नंतर कायदा बदलला. व्याही बदलले नाहीत.

मी म्हटलं, व्याह्यांना बंदीची बातमी कळली नाही का. पास्कोल म्हणाले, कळली आहे, पण त्यांचं म्हणणं की शब्द बंदीच्या आधीचा आहे.

“माझी एकुलती एक पोर त्या घरात जाणार, प्रोफेसरसाहेब,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी तिच्या बापाचा शब्द खाली पडला, तर जन्मभर तो तिला उचलत बसावं लागेल.”

वसईकडे नाताळाला आणि लग्नाला घरोघरी द्राक्षांची, मनुकांची, आल्याचीसुद्धा वाइन करतात. पास्कोलची आई करत असे. त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. करायला हरकत नव्हती, पण त्यांच्या घरी लग्नाची पाहुणेमंडळी येऊन थडकणार होती, आणि भिंतीला भिंत लागून कंपनीच्या पहारेखात्यातला एक अधिकारी राहत होता. वसंतरावांचं न्हाणीघर मोठं, अंधारं आणि थंड. शिवाय सुपारीचंही व्यसन नसलेल्या माणसाच्या घरावर कोण संशय घेणार. वसंतरावांनी संमती दिली ती मैत्रीसाठी की प्रयोगासाठी, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. नोकरी दोघांचीही पणाला लागत होती. मी पाहुणा होतो, मला फक्त ठरल्यापेक्षा आधीची बोट मिळाली असती.

सुमनला खरं सांगायचं नाही असं मात्र ठरलं. लग्नासाठी द्राक्षाचं सरबत करायचंय आणि ते मुरायला ठेवावं लागतं, एवढंच तिला सांगितलं. तिला ते पटलं. लोणचं मुरतं, मोरांबा मुरतो, तसं सरबत.

फहाहील

अहमदीच्या चढावरून खाली उतरलं की समुद्रकाठी फहाहील. मातीच्या भिंतींची जुनी घरं, नव्या सिमेंटच्या दुकानांची रांग, आणि मासळीचा बाजार. दिनार सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी म्हातारे दुकानदार भाव रुपयांत सांगायचे आणि पैसे दिनारात घ्यायचे. पापलेटला तिथे जुबैदी म्हणतात आणि त्याच्याबद्दल आदरानं बोलतात.

इब्राहिमभाईंचं किराण्याचं दुकान या बाजाराच्या टोकाला होतं. ते दापोलीकडचे कोकणी मुसलमान. तरुणपणी गलबतावरून आले आणि इथेच राहिले. लेबनॉनची काळी द्राक्षं लाकडी खोक्यांतून ट्रकनं वाळवंट ओलांडून त्यांच्याकडे येत. मनुका आणि डाळिंबं समोरच्या किनाऱ्यावरून, इराणातून, गलबतानं. आम्ही तिघं गेलो आणि पास्कोलनी सहा खोकी द्राक्षं मागितली. इब्राहिमभाईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. वसंतरावांना खोटं बोलायची सवय नाही. ते ‘त्याचं असं आहे’ म्हणून सुरुवात करू लागले, तेव्हा इब्राहिमभाईंनी हात वर केला.

“मना काय सांगू नुको, भाऊ. पास्कोलची बायको जाम करते, म्हणून मी द्राक्षं दिली. कयामतच्या दिवशी मना इचारलान, तर मी जामच सांगणार. तुमना काय इचारतील ते तुमचं तुमी बघा.”

एवढं बोलून त्यांनी वजन केलं, आणि डागाळलेले घड स्वतःच्या हातानं वेचून बाजूला काढले. डागाळलेल्यांनी जाम बिघडतो, असंही गंभीरपणे सांगितलं. मग दुपारची वेळ झाली म्हणून आम्हाला दुकानामागे जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, आमसूल घातलेलं जुबैदीचं सारं, आणि शेजारच्या भट्टीतला गरम खबूस, म्हणजे तिथली रोटी. वसंतरावांना नुसतं दही-खबूस. इब्राहिमभाईंनी मला विचारलं, आपल्या दापोलीला हल्ली पाऊस कसा असतो. मी सातारचा आहे म्हटल्यावर त्यांना माझ्याबद्दल थोडी कीव आली असावी. त्यांनी आणखी एक तुकडी वाढली.

न्हाणीघर

कृती सांगतो. ज्यांना करायची असेल त्यांनी आधी आपल्या सरकारचं मत घ्यावं.

द्राक्षं देठांवरून काढून धुतली आणि पास्कोलनी मोठ्या पातेल्यात हातांनी कुस्करली. पायांनी करायची पद्धत आहे म्हणतात, पण पातेलं सुमनचं होतं. रस, साली, बिया, सगळं एकत्र बरणीत. त्यात साखर, बेकरीतून आणलेलं थोडं यीस्ट, आणि मूठभर गहू. गहू कशाला, असं वसंतरावांनी विचारलं. पास्कोल म्हणाले, आई टाकायची. वसंतरावांनी त्यामागचं रसायन शोधायचा दोन दिवस प्रयत्न केला आणि मग तेही ‘आई टाकायची’ असं म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी बरणी बोलायला लागली. कान लावला की आतून मंद चुरचुर ऐकू येई. साली वर येऊन त्यांचा जाड थर बसे, आणि तो सकाळ-संध्याकाळ ताकाच्या रवीनं खाली दाबावा लागे. कारण तांबडा रंग रसात नसतो, सालीत असतो. काळ्या द्राक्षाचा रस नुसता पिळला तर लिंबाच्या सरबतासारखा दिसतो. हे मला साठाव्या वर्षी कळलं. मग साली काढून रस पंच्यातून गाळायचा, बरणीला घट्ट बूच लावायचं आणि बुचातून रबरी नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचं. म्हणजे आतली हवा बाहेर येते, बाहेरची आत जात नाही. नळी प्रयोगशाळेतली होती.

साली किती दिवस ठेवायच्या, हा प्रश्न होता. आई चार दिवस ठेवायची की चौदा, हे पास्कोलना आठवेना. त्यांनी मधला मार्ग काढला. मधला मार्ग राजकारणात बरा असतो. इथे त्यामुळे सालींतला आणि बियांतला सगळा तुरटपणा रसात उतरला. तीन आठवड्यांनी गाळ खाली बसला, रस निवळला, रंग सुरेख आला, आणि चव घेतल्यावर तुरटीनं जीभ धुतल्यासारखं झालं. साखरेचा मागमूस नव्हता, ती सगळी यीस्टनं खाल्ली होती.

पास्कोल मुळीच घाबरले नाहीत. दुसरी बरणी करू म्हणाले. मनुका आणि डाळिंबाची, गोड आणि दाट, आणि मग दोन्ही एकत्र करू. आईसुद्धा दोन-तीन प्रकारच्या एकत्र करायची. एकटी चांगली निघाली असं कधी झालंच नाही. तेव्हा इराणी मनुका चिरून कोमट पाण्यात भिजवल्या, डाळिंबाचा रस काढला, साखर घातली, गहू घातले. तिसऱ्या दिवशी ही बरणी पहिलीपेक्षा मोठ्यानं बोलू लागली. लग्नाला दहा-बारा दिवस उरले होते.

कुवेत शहर

या दिवसांत मी एकदा शहर पाहायला गेलो. जुन्या कुवेतभोवती मातीचा तट होता. शहर वाढायला लागल्यावर तो पाडला, पण त्याचे दरवाजे ठेवले. आता ते रस्त्यांच्या मधे वर्तुळाकार बागांत उभे आहेत आणि मोटारी त्यांना प्रदक्षिणा घालून पुढे जातात. आत जायला त्यांची गरज नाही, बाहेर पडायलाही नाही. आमच्याकडे बरोबर उलट करतात, दरवाजा कोसळू देतात आणि पडक्या भिंतीवर फलक लावतात. कोणतं बरं, याचा निर्णय मी केला नाही. एका दरवाजाच्या सावलीत बसून एका म्हाताऱ्याकडून खजूर घेतले. त्यानं मला मुंबईतल्या एका गल्लीची खुशाली विचारली. तरुणपणी तो तिथे मोती विकायला येत असे. ती गल्ली अजून आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

मी दुपारी अहमदीला परतलो तर घरभर लवंगांचा आणि शिजलेल्या मनुकांचा वास.

झालं होतं ते असं. कंपनीच्या घरखात्यानं त्या दिवशी सगळ्यांच्या गिझरची तपासणी ठेवली होती. वसंतरावांनी सकाळी कामावर जाण्याआधी दोन्ही बरण्या उचलून स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवल्या आणि सुमनला त्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं. तपासणीस आला, गिझर पाहिला, आणि सुमननं रिवाजाप्रमाणे त्याला स्वयंपाकघरात चहा दिला. तो बिचारा पॅलेस्टाइनचा, चांगल्या घरचा. चहा पिताना त्यानं ओट्याखालच्या बुडबुड्यांकडे बोट दाखवून विचारलं, हे काय. सुमन हिंदीत म्हणाली, शादी का शरबत है. तो हसला, मान हलवली आणि निघून गेला. त्याला काय समजलं कोण जाणे. सुमनला मात्र समजलं की सरबत आंबलं आहे.

आंबलेलं दिसलं की आमच्याकडची बाई काय करते. दूध नासेलसं वाटलं की तापवते, आमटीला आंबूस वास आला की उकळी आणते. सुमननं नळी काढून टाकली, मनुकांची अख्खी बरणी मोठ्या पातेल्यात ओतली, गहू गाळून फेकले, आणि रस अर्ध्यावर येईपर्यंत आटवला.

“नुसते बुडबुडे येत होते, दादा,” ती मला समाधानानं म्हणाली. “लग्नाला आलेल्या माणसांची पोटं बिघडली असती. वेळेवर बघितलं म्हणून बरं. चार लवंगा टाकल्यात. आता महिनाभर काही होत नाही त्याला. दुसऱ्या बरणीत बुडबुडे नव्हते, म्हणून तिला हात लावला नाही.”

संध्याकाळी पास्कोल आले. पातेल्यात पाहिलं. मागच्या दारच्या पायरीवर जाऊन बसले. यीस्ट मेलं होतं आणि पुन्हा मनुका भिजवून मुरवायला दिवस नव्हते. वसंतरावांनी मग सुमनला सगळं सांगितलं. ती रागावली, पण वाइनवर नव्हे.

“मला आधी सांगितलं असतंत, तर मी हात लावला नसता,” ती म्हणाली. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, “आणि घरात ठेवूही दिलं नसतं.”

मग तिनं पायरीवर चहा नेऊन दिला. पास्कोलनी कप हातात घेतला आणि म्हणाले, “सुमनताई, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या बायकोनंही हेच केलं असतं. म्हणून तर मी घरी ठेवली नव्हती.”

जेवणाचं टेबल

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. वसंतरावांनी जेवणाच्या टेबलावर काचेच्या उभ्या नळ्या मांडल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. तेल एकच चांगलं येईल अशी वाट पाहत कोणी बसत नाही. एक जड असतं, एक हलकं असतं, मिसळून कामाचं करायचं असतं. आपल्याकडे एक तुरट, कडक, साखर नसलेली वाइन आहे, आणि एक गोड, दाट, मेलेला रस आहे. बघू या.

बघायचं कोणी, हा प्रश्न होता. वसंतराव मद्याचा थेंब तोंडात घेणार नव्हते. ते फक्त हुंगत होते. पास्कोल घोट घेत, पण त्यांना पहिला घोट लुसीच्या जन्माची आठवण करून देई आणि दुसरा तिच्या पाठवणीची, त्यामुळे त्यांचं मत घेण्यात अर्थ नव्हता.

“दादा, परवाना तुमच्याकडे आहे,” वसंतराव म्हणाले. “या घरात अधिकृत तुम्हीच.”

आयुष्यात त्या कागदाचा मला झालेला उपयोग एवढाच. दहा भाग वाइनमध्ये एक भाग आटवलेला रस, ही पहिली नळी. ती मला रागावली, पण आधीइतकी नाही. तिनाला एक ही नळी खोकल्याचं औषध होती. मधल्या नळ्या घेत घेत आम्ही सहाला एक इथे आलो. मनुकांच्या गोडीनं तुरटपणा बोथट झाला, डाळिंबानं रंगाला खोली आणली, आणि लवंग अशी मागे उभी राहिली की विचारल्याशिवाय बोलत नव्हती. तरी घशाशी थोडं खरखरत होतं. तेव्हा पास्कोलनी, गरम चहा निववतात तसं, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून चार-पाच वेळा ओतलं. खरखर गेली.

काही माणसांना वर्षानुवर्षं भेटलो तरी आपण ‘अहो’च्या पुढे जात नाही. काही पहिल्याच संध्याकाळी ‘अरे’वर येतात. ही वाइन दुसऱ्या जातीची होती. तिच्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. घोट घेतला की दुसरा घ्यावासा वाटे, एवढंच. सुमनला आम्ही आग्रह केला नाही. तिनं चमच्याच्या टोकावर थेंब घेऊन पाहिला आणि म्हणाली, “गोडी माझ्या रसाची आहे.” हे खरं होतं.

वसंतरावांनी एक सूचना दिली. वाइनमध्ये अजून यीस्ट जिवंत आहे, त्याला गोड रस मिळाला की ते पुन्हा कामाला लागेल, म्हणून मिसळायचं ते लग्नाच्याच सकाळी, आणि त्याच दिवशी संपवायचं. उरता कामा नये.

लग्न

चर्चमधलं लग्न सुटसुटीत झालं. जेवण पास्कोलच्या अंगणात होतं. वसईच्या बायकांनी पिठाचे गोल फुगे तळले होते आणि कोंबडीचं इंद्याल केलं होतं, ज्याच्यामुळे डोळ्यांत पाणी येऊनही लोक पुन्हा वाढून घेत होते. कुंपणापलीकडच्या पहारेखात्याच्या अधिकाऱ्याला आमंत्रण होतं, पण त्या दिवशी त्यानं कामाची पाळी घेतली होती. त्यानं ती मुद्दाम घेतली, असं पास्कोलच्या बायकोचं मत.

वाइन चहाच्या किटल्यांत होती आणि सगळ्या आळीतून गोळा केलेले चहाचे कप मांडले होते. पाहुणे चाळीस-पन्नास. इब्राहिमभाई पांढऱ्या शर्टात, तेल लावून, व्याह्यांच्या शेजारी बसले होते. ते किटलीतलं घेणार नव्हते, म्हणून त्यांच्यासमोर पाण्याचा मोठा जग ठेवला होता. किटलीत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. जाम कसा झाला, एवढंच मला हळूच विचारलं.

मिनेझिस उभे राहिले. काळा सूट, कॉलरला फूल, हातात निळ्या नक्षीचा कप. कप भरलेले, सगळे उभे. पास्कोल मांडवाच्या खांबाला टेकून व्याह्यांच्या ओठांकडे पाहत होते. मिनेझिसनी आधी कप उंच धरून त्यातला रंग पाहिला, मग एक लहान घोट घेतला. भुवया वर गेल्या. त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि भाषणाला सुरुवात केली.

भाषण वाइनवर होतं. ती विवाहाचा आत्मा कशी आहे इथपासून ते धर्मग्रंथात गेले, तिथून पोर्तुगालच्या डोंगरउतारांवर आले, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी परिणामासाठी थांबून एक घोट घेऊ लागले. लोक उभे होते. ऊन होतं. इंद्याल तिखट होतं. पहिल्या पाच मिनिटांत कोणी कपाला तोंड लावलं नाही. मग मागच्या रांगेत एकानं लावलं, आणि वाइनचा गुण असा की त्याला पाहून शेजाऱ्यांनीही लावलं. वसंतराव किटली घेऊन शांतपणे रांगांतून फिरू लागले. रिकामा कप दिसला की भरत होते. उरता कामा नये, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. व्याह्यांचा कप त्यांनी तीनदा भरला. व्याही तेव्हा द्राक्षवेलीच्या छाटणीवर बोलत होते.

शेवटी मिनेझिस म्हणाले की आता आपण सर्वांनी वधूवरांसाठी कप उंचावू या. त्यांनी स्वतःचा उंचावला, आणि तो हलका लागला म्हणून आत पाहिलं. लोकांनीही आपापल्या कपांत पाहिलं. वसंतरावांनी किटल्या एकेक करून तिरक्या केल्या आणि मान हलवली.

पास्कोलचा चेहरा मी पाहिला. शब्द पाळला होता आणि पाळूनही तो खाली पडत होता, सगळ्यांसमोर, लुसीच्या सासऱ्याच्या हातात.

इब्राहिमभाईंना टोस्ट काय असतो ते माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की शेजारच्या थोर माणसाचा घसा बोलून सुकला आहे, हातात रिकामा कप आहे, आणि यजमानाला सुचत नाही. ते उठले, आपल्यासमोरचा जग घेतला आणि मिनेझिसांचा कप काठोकाठ भरला. मग रीत म्हणून त्यांच्या शेजाऱ्याचा, आणि तसेच पुढे रांगेनं. जग संपला तेव्हा लुसी स्वतः, नवरीच्या पोशाखात, दुसरा भरून घेऊन आली. तिला हसू आवरत नव्हतं.

मिनेझिसनी कपातल्या पाण्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, हे दिसत होतं. पण भरलेले सगळे कप त्यांच्याच पोटात गेले होते आणि हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ते पास्कोलकडे वळले.

“पास्कोल,” ते म्हणाले, आणि भाषणात पहिल्यांदाच साधं बोलले, “वाइन वाईट असती तर उरली असती.”

पास्कोलनी खांब सोडला.

मग सर्वांनी कप उंचावले आणि वधूवरांच्या सुखासाठी एका दमात रिकामे केले. कुवेतमध्ये नदी नाही. पिण्याचं पाणी समुद्राचं असतं, उकळून त्याची वाफ गार करून मिळवलेलं, आणि नुसतं ते अगदी बेचव लागतं म्हणून विहिरीचं थोडं खारं पाणी त्यात ठरावीक प्रमाणात मिसळतात.